धूर दिसला म्हणून अग्नी असतोच का? कुलाब्याचा पेलेट्रॉन आणि केंद्रकांच्या संमीलनाचा इतिहास



विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय : तत्त्वज्ञानाच्या माणसाचं केंद्रकांच्या टकरीत काय काम? काम आहे, आणि ते पुढे तुमच्या लक्षात येईल. आत्ता एवढंच सांगतो की आज आपण ज्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारला गेला असला तरी प्रश्न म्हणून फार जुना आहे. दोन गोष्टी एकत्र आल्या, चिकटल्या, काही काळ एकत्र राहिल्या. त्या ‘एक’ झाल्या असं कधी म्हणायचं? आणि एक झाल्या की नाही हे आपल्याला कळतं कशावरून?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. संमीलन म्हटलं की आपल्याला सूर्य आठवतो, हायड्रोजन बॉम्ब आठवतो, नाहीतर वर्तमानपत्रात अधूनमधून येणारी ‘अमर्याद ऊर्जा’. ते हलक्या केंद्रकांचं संमीलन. आजचं संमीलन वेगळं आहे. इथे ऑक्सिजन, कार्बन, बोरॉन, लिथियम अशा अणूंचे काही इलेक्ट्रॉन काढून टाकतात, उरलेल्या आयनाला वेग देतात आणि थोरियम, शिसं, समॅरियम यांसारख्या जड केंद्रकावर आदळवतात. त्यातून वीज निर्माण होत नाही. उलट वीज भरपूर खर्च होते. मिळतं ते ज्ञान, आणि तेही थेंबाथेंबाने.

आता अडथळा म्हणजे काय ते बघा. प्रत्येक केंद्रकावर धन विद्युतभार असतो. दोन केंद्रकं जवळ यायला लागली की ती एकमेकांना दूर ढकलतात. हे अठराव्या शतकातल्या कूलंबचं सूत्र. पण अगदी जवळ, म्हणजे पृष्ठभागाला पृष्ठभाग लागण्याइतकी जवळ आली, तर केंद्रकीय बल जागं होतं आणि ते ओढून घेतं. हे बल ताकदवान, पण हात आखूड. दूरची ढकलाढकल आणि जवळची ओढ यांची बेरीज केली तर मध्ये एक टेकडी तयार होते. तिला कूलंब अडथळा म्हणतात. ऑक्सिजन आणि थोरियमच्या बाबतीत या टेकडीची उंची सुमारे ८० एमईव्ही आहे. एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकांच्या जगातलं चलन समजा.

येणाऱ्या आयनाची ऊर्जा टेकडीपेक्षा खूप जास्त असेल तर तो टेकडीची दखलच घेत नाही. खूप कमी असेल तर पायथ्यावरूनच परत जातो. गंमत आहे ती टेकडीच्या माथ्याच्या आसपास, ऊर्जा अडथळ्याच्या थोडी खाली किंवा थोडी वर असते तेव्हा. पुंज सिद्धांत सांगतो की ऊर्जा कमी असली तरी पलीकडे जाण्याची थोडी शक्यता असतेच, जणू टेकडीच्या पोटातून बोगदा काढल्यासारखी. गामोने १९२८ मध्ये याच कल्पनेतून अल्फा किरणोत्साराचं कोडं सोडवलं होतं. तिथे कण आतून बाहेर येत होता. आपल्याला बाहेरून आत जायचंय.

दीर्घकाळ समज असा होता की टेकडी एक, बोगदा एक. उंची आणि जाडी कळली की पलीकडे जाण्याची शक्यता काढता येते. १९७८ मध्ये स्टॉकस्टॅड आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा मारा समॅरियमच्या वेगवेगळ्या समस्थानिकांवर केला. समॅरियमच्या या भावंडांमध्ये प्रोटॉन तितकेच, न्यूट्रॉनची संख्या फक्त वेगळी. पण हलकी भावंडं गोलसर असतात आणि समॅरियम-१५४ लांबट, काकडीच्या वळणाचं असतं. अडथळ्याखालच्या ऊर्जेला या लांबट समॅरियमशी होणारं संमीलन एका टेकडीच्या हिशोबापेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं. मग १९८० मध्ये बेकरमन आणि सहकाऱ्यांनी निकेलवर निकेल आदळवलं. तिथेही नुसते न्यूट्रॉन बदलले तर आकडे बदलले, आणि एका टेकडीचं गणित पुन्हा तोकडं पडलं.

कारण काय? आपण नागपूरकर छिंदवाड्याकडे जातो तेव्हा सातपुडा ओलांडतो. तेव्हा सातपुड्याच्या सर्वांत उंच शिखराची उंची विचारून उपयोग नाही. रस्ता घाटातून जातो. लांबट केंद्रकाचंही तसंच आहे. त्याच्या टोकाकडून आलात तर अडथळा कमी, पोटाकडून आलात तर जास्त. एक टेकडी नाहीच, टेकड्यांची रांग आहे. आणि ज्याच्या खिशात कमी ऊर्जा आहे तो आपोआप खालची खिंड निवडतो. निवडतो म्हणजे अर्थातच बोलण्याच्या भाषेत. आयनाला काही कळत नाही.

१९९१ मध्ये रॉली, सॅचलर आणि स्टेलसन यांनी दाखवलं की नीट मोजमापं असतील तर ही रांग गणिताने प्रत्यक्ष काढता येते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या गटाने समॅरियम-१५४ साठी ती काढूनही दाखवली. पुढे या गटात महानंदा दासगुप्ता आल्या. त्यांची पीएच.डी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली. नाव लक्षात ठेवा, त्या पुन्हा येणार आहेत.

आता मुंबईला जाऊ.

मुंबईतल्या या कामाचं मूळ संमीलनात नव्हे, विखंडनात आहे. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. राजा रामण्णा यांनी तिथे विखंडनाचा अभ्यास करणारा गट उभा केला. युरेनियमचं केंद्रक न्यूट्रॉन गिळतं आणि फुटतं. त्याचे तुकडे कोणत्या दिशेने जातात, किती ऊर्जेने जातात, सोबत किती न्यूट्रॉन बाहेर पडतात, हे मोजायचं. एस. एस. कपूर, डी. एम. नाडकर्णी, पुढे व्ही. एस. राममूर्ती ही नावं या परंपरेतली. मला या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं. पुढे जे घडलं ते एखाद्या महागड्या यंत्राच्या आगमनाने अचानक घडलेलं नाही. तुकड्यांकडे बघायची नजर तीस वर्षं आधीपासून तयार होत होती.

यंत्रं मात्र तोकडी होती. तुर्भ्याला साठच्या दशकात साडेपाच दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ त्वरक आला. प्रोटॉन आणि अल्फा कणांसाठी तो उत्तम. पण ऑक्सिजनला थोरियमच्या टेकडीवर चढवण्याची ताकद त्यात नव्हती. म्हणजे ज्या विषयात जग धावत होतं त्या विषयातला प्रयोग मुंबईला घरी करता येत नव्हता.

अशा वेळी माणसं काय करतात? दुसऱ्यांचे आकडे वाचतात. इथेच आपल्या आजच्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून थोडं मागे जाऊ.

नील्स बोर यांनी १९३६ मध्ये संयुक्त केंद्रकाची कल्पना मांडली. कल्पना अशी : खोलगट थाळीत गोट्या भरल्यात. बाहेरून एक गोटी वेगाने आत सोडली. ती एकीला धडकते, ती दुसरीला, आणि बघता बघता तिची ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते. आता बाहेरून आलेली कोणती आणि मूळची कोणती, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. पुढे कधीतरी योगायोगाने एखाद्या गोटीकडे पुरेशी ऊर्जा जमा झाली की ती बाहेर पडते. पण ती कशी पडेल याचा मूळ गोटी कुठून आली याच्याशी संबंध नसतो. संयुक्त केंद्रक आपलं मूळ गाव विसरतं. ऊर्जा, कोनीय संवेग अशा काही गोष्टी तेवढ्या त्याच्यापाशी राहतात, कारण त्या टाकून देता येत नाहीत.

या विस्मरणाची परीक्षा एका भारतीयाने घेतली. १९५० मध्ये बर्कलीत काम करताना एस. एन. घोषाल यांनी एकच केंद्रक, जस्त-६४, दोन वाटांनी तयार केलं. एकदा निकेल-६० वर अल्फा कण मारून, एकदा तांबं-६३ वर प्रोटॉन मारून. मग त्यातून काय किती बाहेर पडतं ते मोजलं. दोन्ही वाटांची प्रमाणं जुळली. जस्ताला आपण निकेलकडचे की तांब्याकडचे, याची आठवण नव्हती. तुमच्यापैकी ज्यांनी एम.एस्सी. भौतिकशास्त्र केलंय त्यांनी याच घोषाल यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक हाताळलं असेल.

तर ‘एक होणं’ म्हणजे काय, याची भौतिकशास्त्राने केलेली व्याख्या ही : उगम विसरणं. मला ही व्याख्या अतिशय सुंदर वाटते. अनेक तत्त्वज्ञांना इतकी नेमकी जमली नसती.

आता प्रश्न दुसरा : कळतं कशावरून? संमीलन दिसत नाही. ऑक्सिजन आणि थोरियम एकत्र आले, त्यांचं जड केंद्रक तयार झालं, तर ते इतकं अस्थिर असतं की बहुतेक वेळा फुटतं. त्याचे दोन तुकडे सिलिकॉनच्या शोधकावर येऊन आदळतात. आपल्याला दिसतात ते तुकडे. तुकडे दिसले, म्हणजे फूट झाली. फूट झाली, म्हणजे त्याआधी संयुक्त केंद्रक होतं. हे अनुमान वर्षानुवर्षं सगळे करत होते.

इथे मला माझ्या घरच्या शास्त्राकडे वळू द्या. नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आहे : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे म्हणून अनुमान चालतं. पण हेच उलटं करून बघा. अग्नी आहे, म्हणून धूर असणारच? नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे इथला हेतू व्यभिचारी निघाला. मग नैयायिक विचारतो, हा हेतू काही ठिकाणी खरा का ठरतो आणि काही ठिकाणी का नाही? उत्तर : मध्ये एक लपलेली अट आहे. ओलं सरपण. अग्नीला ओलं सरपण मिळालं तरच धूर होतो. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

फुटलेले तुकडे हा हेतू, संयुक्त केंद्रक हे साध्य. प्रश्न असा की यात एखादी उपाधी लपली आहे का?

शंका तुकड्यांच्या दिशांमुळे आली. जड आयन तिरकस आदळला की तयार होणारं केंद्रक गरगर फिरू लागतं. फुटण्याच्या क्षणी ते लांबट झालेलं असतं. स्वयंपाकघरातलं लाटणं डोळ्यांसमोर आणा. तुकडे लाटण्याच्या दोन टोकांच्या दिशांना उडतात. म्हणजे तुकडे कुठे गेले यावरून फुटताना लाटणं कोणत्या दिशेला होतं हे कळतं. ऑगे बोर, म्हणजे नील्स बोरचे चिरंजीव, यांनी १९५५ मध्ये यासंबंधीचा सिद्धांत मांडला, आणि पुढच्या काही वर्षांत हाल्पर्न व स्ट्रुटिन्स्की यांनी त्याचं गणित बसवलं. फिरण्याच्या नियमांमुळे झोताच्या दिशेने, पुढे-मागे, थोडे जास्त तुकडे जाणार आणि आडव्या दिशेला थोडे कमी, हे अपेक्षितच. किती जास्त ते सिद्धांत सांगतो. पण केंद्रकाने आपली मूळ दिशा विसरलेली आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

ऐंशीच्या दशकात जड आयनांच्या टकरींतून जे आकडे आले त्यांत पुढे-मागे जाणारे तुकडे सिद्धांतापेक्षा बरेच जास्त निघू लागले. थोडी चूक असती तर चाललं असतं. पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

१९८५ मध्ये राममूर्ती आणि कपूर यांनी फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या नियतकालिकात आपलं स्पष्टीकरण दिलं. ते म्हणाले : टकरीच्या क्षणी दोन केंद्रकं एकमेकांना लागतात तेव्हा त्यांची जोडी झोताच्या दिशेनेच लांबट असते. लाटणं झोताच्या रेषेत ठेवलेलं. ही दिशा विसरायला काही वेळ लागतो. फार थोडा, एका सेकंदाचे १० चा २० वा घात इतके भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाच्या आसपास. पण फुटण्याच्या वाटेत अडथळाच नसेल किंवा अगदी कमी असेल, तर काही केंद्रकं त्याआधीच फुटतात. बाकी सगळं विसरलेलं असतं, वस्तुमान कसं वाटलं गेलं तेसुद्धा; फक्त दिशेची आठवण शिल्लक असते. याला त्यांनी समतोलपूर्व विखंडन म्हटलं.

मुंबईत अजून जड आयनांचा झोत नव्हता, हे लक्षात घ्या. आकडे दुसऱ्यांचे, नजर यांची.

यंत्र आलं १९८८ च्या अखेरीस. कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक. ३० डिसेंबर १९८८ रोजी त्याचं उद्घाटन झालं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रोस्टॅटिक्स कॉर्पोरेशनने बनवलेलं हे यंत्र, १४ दशलक्ष व्होल्टचं. उभं आहे, एका उंच पोलादी टाकीत, आत दाबाखाली सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला, म्हणजे ठिणग्या पडू नयेत. आणि नाव पेलेट्रॉन का? तुम्ही खेड्यातलं रहाटगाडगं पाहिलं असेल. मडक्यांची माळ फिरते आणि विहिरीतलं पाणी वर आणते. इथे धातूच्या नळकांडीसारख्या तुकड्यांची माळ असते, मधे नायलॉनचे दुवे. ती फिरते आणि विद्युतभार वर नेऊन ओतते. मधल्या टोपात भार साठत साठत १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत पोचतो. पाण्याऐवजी विजेचा रहाट.

याहून चलाखी पुढे आहे. माथ्यावर ऋण आयन तयार करतात. खालचा धन टोप त्यांना ओढतो, ते वेगाने खाली येतात. टोपाच्या आत कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा किंवा वायूचा पट्टा असतो. त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात आणि ऋण आयन धन होतो. आता तोच टोप त्याला ढकलतो. एका तिकिटात दोन प्रवास! हिशोब सोपा आहे. ऑक्सिजनचे सात इलेक्ट्रॉन गेले असतील तर पहिल्या टप्प्यात एकपट आणि दुसऱ्यात सातपट, मिळून आठपट. ८ गुणिले १४ म्हणजे ११२ एमईव्ही. थोरियमची टेकडी ८० ची. म्हणजे आता माथ्याच्या खाली, माथ्यावर, माथ्याच्या वर, हवं तिथे उभं राहता येत होतं. माथ्याजवळच्या प्रयोगांना ऊर्जा हलक्या हाताने, पायरीपायरीने बदलता येणारा असाच त्वरक लागतो.

मग आली परीक्षा. १९५५ मध्ये बुसिनारो आणि गॅलोने या दोन इटालियन शास्त्रज्ञांनी एक गणित केलं होतं. लहान आणि मोठं केंद्रक एकमेकांना चिकटलं. दोघांत फरक खूप असेल तर मोठं लहान्याला गिळून टाकतं. फरक एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर उलटं होतं : मोठ्याकडून लहान्याकडे द्रव्य वाहतं, जोडी लांबच लांब राहते. म्हणजे एक सीमारेषा आहे. मुंबईच्या गटाने बोरॉन, कार्बन आणि ऑक्सिजन यांसारखे आयन घेतले, लक्ष्य म्हणून थोरियम आणि नेप्च्युनियम घेतलं. थोरियम तर आपल्या केरळच्या वाळूतला. आयनांपैकी काही या सीमारेषेच्या अलीकडे, काही पलीकडे. लाटण्याची कल्पना बरोबर असेल तर गिळल्या जाणाऱ्या बाजूला तुकड्यांचं वाटप सिद्धांताप्रमाणे यायला हवं आणि दुसऱ्या बाजूला बिघडायला हवं.

तसंच आलं. १९९० मध्ये हा निबंध पुन्हा फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापला गेला. राममूर्ती, कपूर, चौधरी, सक्सेना, नाडकर्णी, कैलास आणि इतरांचा. यंत्र येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

याचा अर्थ काय झाला ते आपल्या भाषेत बघा. तयार होणारं केंद्रक जवळपास सारखंच. तुकडे दोन्हीकडे दिसतात. पण एका बाजूला केंद्रकाला आपण कसे आलो हे आठवतं, दुसऱ्या बाजूला आठवत नाही. तुकडे हा हेतू व्यभिचारी निघाला. धूर दोन्ही पर्वतांवर, आणि अग्नी एकाच. घोषाल यांनी विस्मरण सिद्ध केलं होतं. चाळीस वर्षांनी मुंबईने स्मरण सिद्ध केलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी व्याख्यान द्यायला आलो नसतो. कारण वाद इथे सुरू झाला. अडथळ्याच्या खाली ऊर्जा नेली की दिशांचा बिघाड वाढतो, असं नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिसलं. तर्काने तो कमी व्हायला हवा, कारण ऊर्जा कमी म्हणजे फिरणं कमी. १९९५ मध्ये कॅनबेराच्या डेव्हिड हिंडे आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन आणि युरेनियम-२३८ घेऊन वेगळं उत्तर दिलं. गंमत म्हणजे कॅनबेराचा त्वरकही त्याच कंपनीचा, त्याच जातीचा. मुंबईच्या यंत्राचं थोरलं भावंडच, सत्तरच्या दशकातलं. ते म्हणाले : युरेनियम लांबट आहे. कमी ऊर्जेचा ऑक्सिजन फक्त टोकाकडूनच आत शिरू शकतो, कारण खिंड तिथे आहे. पण टोकाला चिकटला की जोडी इतकी लांब होते की ती आवळून गोल होतच नाही. संयुक्त केंद्रक बनण्याआधीच तुटते. पोटाकडून आला तर खरं संमीलन. म्हणजे उपाधी आहे ती टकरीच्या कोनाची.

मुंबई म्हणते, आत गेलं, जवळजवळ सगळं विसरलं, फक्त दिशा विसरली नाही. कॅनबेरा म्हणतं, आत गेलंच नाही. दोघांच्या शोधकांवर पडणारे तुकडे सारखेच. वाद आकड्यांचा कमी आणि ‘एक’ या शब्दाचा जास्त आहे, असं माझं मत आहे. विस्मरण हीच एकत्वाची कसोटी मानली तर प्रश्न येतो, किती विस्मरण? नव्वद टक्के विसरलेला पाहुणा घरचा झाला की नाही? संयुक्त केंद्रकाच्या कल्पनेत हो किंवा नाही एवढंच होतं. या प्रयोगांनी त्यात पायऱ्या पाडल्या : वस्तुमान आधी विसरतं, दिशा नंतर विसरते, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मुंबईचा वाटा मला यात दिसतो, आणि कॅनबेराच्या उत्तराने तो कमी होत नाही. टोकाकडची टक्कर हे अडथळ्याखालच्या बिघाडाचं स्पष्टीकरण चांगलं देते. पण अडथळ्याच्या वर, सीमारेषेच्या दोन बाजूंना वागणूक का बदलते, याला बुसिनारो-गॅलोनेची वाट अजून लागते. एस. कैलास यांनी १९९७ मध्ये फिजिक्स रिपोर्ट्समध्ये या सगळ्या विषयाचा सविस्तर आढावा घेतला. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना तो अजूनही वाचायला सांगतात.

माणसांचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगतो. राममूर्ती भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेचे संचालक झाले आणि १९९५ पासून अकरा वर्षं केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. यंत्रही वाढलं. पेलेट्रॉनच्या पुढे अतिवाहक रेषीय त्वरक जोडला गेला, २००७ मध्ये तो पूर्ण झाला. त्यातल्या अनुनादकांवर शिशाचा मुलामा आहे, आणि द्रवरूप हेलियमने थंड केल्यावर शिसं अतिवाहक होतं. त्यामुळे आणखी जड आयन टेकडी चढू लागले. तुर्भ्याच्या जुन्या व्हॅन डी ग्राफचं रूपांतर २००० च्या सुमारास घडीच्या टँडेम त्वरकात झालं. काही टाकून द्यायचं नाही, ही आपली सवय इथे कामी आली.

आता लिथियम. इथे प्रश्नाने नवं वळण घेतलं. लिथियम-६ हे केंद्रक फार सैल बांधलेलं आहे. १.४७ एमईव्ही दिले की त्याचे अल्फा आणि ड्यूटेरॉन असे दोन भाग होतात. लिथियम-७ ला २.४७ लागतात. टेकडी तीसेक एमईव्हीची, आणि गाठ सुटते दीडला. मग हा पाहुणा उंबरठ्यापर्यंत अखंड पोचेल का? पोचला नाही तर अर्धाच आत जाईल. संमीलन झालं म्हणायचं का मग? महानंदा दासगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बेरिलियम-९ शिशावर मारून दाखवलं की पूर्ण संमीलन अपेक्षेच्या सुमारे दोन-तृतीयांशच होतं. उरलेलं तुटण्यात जातं. बेरिलियमही असंच सैल. मुंबईने लिथियमचे झोत घेऊन हे काम पुढे नेलं. समॅरियम-१४४ वर लिथियम-६ मारलं तेव्हा पूर्ण संमीलनात त्याच मापाची घट आढळली.

आणखी एक मुद्दा अडथळ्याच्या खूप खालचा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या जियांग आणि सहकाऱ्यांना निकेल आणि इट्रियमच्या टकरीत दिसलं की ऊर्जा फारच खाली नेली तर संमीलन हिशोबापेक्षा कमी होऊ लागतं. आधी सगळं हिशोबापेक्षा जास्त येत होतं, आता कमी! कारणाबद्दल अजून एकमत नाही. मग सैल केंद्रकांतही असंच होतं का? २००९ मध्ये अराधना श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पेलेट्रॉनवर लिथियम-६ आणि प्लॅटिनम-१९८ घेऊन ते तपासलं. इतक्या खाली संमीलन इतकं विरळ होतं की झोत चालू असताना मोजणं अवघड. म्हणून झोत बंद केल्यावर, लक्ष्य बाहेर काढून, त्यात तयार झालेल्या किरणोत्सारी केंद्रकांचे क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी आले तरच ते धरायचे, अशी पद्धत वापरली. घट आढळली नाही.

या पद्धतीत मला नैयायिकाचीच काळजी दिसते. एकट्या गॅमा किरणाला अनेक कारणं असू शकतात. एकट्या क्ष-किरणालाही. दोन्ही एकाच क्षणी आले तर संशयाला जागा उरत नाही. तुकड्यांपासून सुरुवात झाली होती, तिथे एका खुणेवर विश्वास टाकला गेला आणि ती खूण पुढे व्यभिचारी ठरली. आता दोन खुणा एकत्र मागतात.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे, बहुधा विज्ञान संस्थेतल्या विद्यार्थिनीची : नागपूरच्या मुलांना अशा यंत्रावर काम करता येतं का? येतं. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र याच कारणासाठी १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलं. तिथला पेलेट्रॉन १५ दशलक्ष व्होल्टचा, मुंबईच्या जातीचाच, आणि संमीलनात तयार झालेली केंद्रकं झोतातून वेगळी काढणारं हीरा नावाचं उपकरण तिथे आहे. आधी प्रयोगाचा प्रस्ताव लिहायचा, समिती तो तपासते, मंजूर झाला की आठ-आठ तासांच्या पाळ्यांमध्ये झोत मिळतो. रात्रीची पाळी वाट्याला आली तर तक्रार करू नका. झोत रात्रीही तसाच येतो. पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं असेल तर मार्गदर्शकांना आजच विचारा. बाकीचे प्रश्न घेऊ या.